व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी : नाईक यशवंत घाडगे

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, जांभळी नाक्यापासून उथळसरपर्यंतच्या जुन्या वस्तीत, मूळ गाव कोणते असे विचारले तर माणगाव, महाड, रोहा, पोलादपूर ही नावे आजही सहज ऐकू येतात. पोटासाठी घाट आणि खाड्या ओलांडून मुंबई-ठाण्याकडे येण्याची कोकणची परंपरा जुनी आहे. त्याच कोकणातून निघालेली दुसरी एक वाट मात्र मुंबईच्या गिरणीपाशी थांबली नाही. ती गोदीतून बोटीवर चढली आणि मेसोपोटेमियाचे वाळवंट, इरिट्रियाचे डोंगर, लिबियाची वाळू आणि इटलीच्या नद्यांपर्यंत गेली. ही वाट पलटणीची होती. त्या वाटेने गेलेल्या हजारो तरुणांपैकी फार थोड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे त्यांपैकी एक होत.

माणगावच्या तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाणाऱ्या असंख्य ठाणेकरांनी तो पाहिलाही असेल. तथापि, हा तरुण कोणत्या युद्धात, कोणासाठी आणि कोठे लढला, हे ठाऊक असणाऱ्यांची संख्या थोडी आहे. याचे कारण विस्मरण एवढेच नाही. ज्या साम्राज्याविरुद्ध आपला देश लढत होता, त्याच साम्राज्याच्या सैन्यात लढून मेलेल्या माणसाकडे कसे पाहावे, हे स्वतंत्र भारताला बराच काळ नीटसे ठरवता आले नाही.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. हा आठवडा महाराष्ट्राच्या इतिहासात लक्षणीय आहे. १७ नोव्हेंबरला ब्रिटिश युवराज प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. असहकाराच्या चळवळीने देश पेटलेला होता. एकीकडे सरकारी स्वागताचा थाट, तर दुसरीकडे गिरणगावात परदेशी कापडाची होळी, असे दृश्य त्या दिवशी मुंबईने पाहिले. शहरात दंगल उसळली आणि ती शमावी म्हणून महात्मा गांधींनी उपोषण केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, हाच युवराज पुण्यात होता. तेथे त्याच्या हस्ते शिवछत्रपतींच्या स्मारकाची आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या मराठा सैनिकांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. ज्यांनी परकी सत्तेशी झुंज देऊन राज्य उभे केले ते महाराज आणि परकी सत्तेसाठी परमुलखात मेलेले त्यांच्याच मावळ्यांचे वंशज, या दोघांच्या स्मारकांचा मुहूर्त एकाच दिवशी, एकाच परक्या हाताने झाला. याच आठवड्यात, १८ नोव्हेंबरला, अहमदनगर जिल्ह्यातील निमज येथे नामदेव जाधव यांचा जन्म झाला. पुढे हे दोघेही एकाच रेजिमेंटमध्ये गेले, दोघेही इटलीत लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

यशवंतरावांचा जन्म ज्या प्रदेशात झाला त्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. १८६९ मध्ये हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला होता, आणि १९८१ पासून तो रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो. हा भाग डोंगरउताराचा, मुसळधार पावसाचा आणि भाताच्या एका पिकाचा. जमिनीचे तुकडे लहान, त्यातही खोती पद्धतीमुळे पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप केला होता. म्हणजे यशवंतरावांचे बालपण आणि किशोरवय कोकणातल्या कुळांच्या सर्वांत कठीण काळात गेले. अशा घरातल्या धाकट्या हातांना दोनच मार्ग मोकळे असत. एक मुंबईच्या गिरणीचा आणि दुसरा लष्कराचा. गिरणीत रोजीची शाश्वती नव्हती. पलटणीत पगार ठरलेला होता, घरी मनिऑर्डर जात होती, आणि रजेवर आलेल्या शिपायाला गावात मान होता. भरतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या तरुणाच्या मनात राजनिष्ठा किती आणि घरच्या कोठारातील रिकामी कणगी किती, याचा हिशेब करताना हे विसरून चालत नाही.

ज्या पलटणीत ते दाखल झाले तिचा इतिहास मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची मुळे ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या संरक्षणासाठी १७६८-६९ मध्ये उभारलेल्या एतद्देशीय शिपायांच्या पलटणींपर्यंत जातात. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, डिसेंबर १७७४ मध्ये, कंपनीने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला जिंकून घेतला. त्या मोहिमेत गोऱ्या सैनिकांबरोबर मुंबईचे एतद्देशीय शिपाईही होते. टेंभी नाक्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर असलेला हा किल्ला पुढे तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी देण्यात आले. साम्राज्याचे शिपाई आणि साम्राज्याचे शत्रू यांचा इतिहास असा एकाच भिंतीच्या आत-बाहेर घडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजा अफगाणिस्तान, चीन, इराण आणि ॲबिसिनियापर्यंत गेल्या. पहिल्या महायुद्धात तर मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गुंतला होता. तैग्रिस नदीच्या काठावरील कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. सुमारे पाच महिने तो चालला. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्माच्या धाकाने अनेक हिंदी शिपाई ते मांस खाण्यास बराच काळ तयार होत नव्हते. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांवर माणसे शरण गेली. शरण गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद्यांची वाळवंटातून पायपीट झाली आणि त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. १९२२ च्या पुनर्रचनेत यांपैकी ११० क्रमांकाची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. यशवंत घाडगे याच बटालियनचे सैनिक होते. कुतच्या आठवणी सांगणारे म्हातारे पेन्शनर कोकणात आणि देशावर तेव्हा गावोगाव होते. परमुलखातली लढाई म्हणजे काय असते, हे भरतीला जाणाऱ्या तरुणांना अगदीच अज्ञात नव्हते.

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा परस्पर केली. देशाच्या प्रतिनिधींना विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही भरती वाढतच गेली. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. सक्तीच्या भरतीशिवाय उभे राहिलेले हे जगातील सर्वांत मोठे सैन्य मानले जाते. त्यांतील सुमारे ८७ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

मराठा पलटणी या युद्धात अनेक आघाड्यांवर विखुरल्या गेल्या. तिसरी बटालियन १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ लढाईत होती. सह्याद्रीत वाढलेल्या माणसांना कडे चढणे नवे नव्हते, पण येथे माथ्यावर इटालियन फौजा दबा धरून बसल्या होत्या. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुकच्या पाडावात शत्रूच्या हाती सापडली. १९४३ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीची सत्ता गेली, सप्टेंबरमध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली, तरी जर्मन सैन्य इटलीत ठाण मांडून होते. एकेक नदी आणि एकेक डोंगर अडवत ते मागे हटत होते. या लढाईत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन उतरल्या. तिसरी मराठा बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. या डिव्हिजनचे नेतृत्व करणारे जनरल डेनिस रीड यांनी केरेनच्या वेळी याच बटालियनचे नेतृत्व केलेले होते.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. दोनच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि जगाचे लक्ष फ्रान्सकडे गेले. इटलीतली लढाई वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत सरकली. पण तेथे माणसे मरतच होती. रोमच्या उत्तरेला टायबर नदीचे वरचे खोरे आहे. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे, झाडीने भरलेल्या टेकड्या आणि माथ्यावर वसलेली दगडी गावे. जर्मनांनी या टेकड्यांवर मशीनगनची ठाणी पेरून ठेवली होती. पुढे येणाऱ्या सैन्याला शक्य तितका उशीर लावायचा आणि तोवर उत्तरेकडे गॉथिक लाइन ही नवी संरक्षणफळी पक्की करायची, असा त्यांचा डाव होता. मोंटोने हे छोटे गाव याच खोऱ्यात येते.

१० जुलै १९४४. कोकणात ते भाताच्या लावणीचे दिवस. गुडघाभर चिखलात वाकून पळसगावची माणसे रोपे लावत असतील त्याच दिवसांत तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीने टायबरच्या खोऱ्यातील शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे आठ-दहा शिपायांच्या तुकडीचे, प्रमुख होते. त्यांना तेविसावे वर्ष चालू होते. त्यांची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत तुकडीतला एकूण एक शिपाई ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

सेनानायकाच्या दृष्टीने अशा वेळी आडोसा घेणे, मागच्या तुकडीची वाट पाहणे यात काहीच गैर नव्हते. यशवंतरावांनी तसे केले नाही. ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी झाले. मग आपल्या टॉमीगनने त्यांनी ठाण्यातल्या आणखी एकाला टिपले. एवढ्यात मॅगझिन रिकामे झाले आणि ते बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि लाठीसारखी फिरवून उरलेल्या दोघांचा जीव घेतला. ठाणे मोकळे झाले. पण आसपास दडलेल्या नेमबाजांनी त्यांना हेरले होते. छातीत आणि पाठीत गोळ्या लागून यशवंतराव त्याच ठाण्यात कोसळले. शत्रूचे जे ठाणे त्यांनी एकट्याने घेतले, तेथेच त्यांनी प्राण सोडला.

या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याची अधिकृत घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात झाली. ब्रिटिश साम्राज्याचा हा सर्वोच्च शौर्यसन्मान १९११ पर्यंत हिंदी शिपायांना मिळूच शकत नव्हता, हेही येथे नोंदले पाहिजे. त्यापूर्वी शौर्य एकाच रणांगणावर, एकाच गोळीसमोर दाखवले तरी गोऱ्याचे पदक वेगळे आणि काळ्याचे वेगळे होते. यशवंतरावांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या तरुण पत्नीने हे पदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून स्वीकारले. कोकणातल्या एका खेड्यातून दिल्लीच्या दरबारी समारंभापर्यंत गेलेल्या त्या तरुण विधवेच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याची नोंद कोणत्याही राजपत्रात नाही.

इटलीतील मोहिमेत दोस्तांच्या सैन्याला एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांपैकी सहा हिंदी सैन्याच्या वाट्याला आले, आणि या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे मानकरी म्हणजे पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी सहकाऱ्यांना नदीपलीकडे पोहोचवून शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने गप्प केली. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत जगले. एकाच आठवड्यात जन्मलेल्या या दोघांपैकी एकाला स्वातंत्र्य पाहायला मिळाले, दुसऱ्याला नाही. इटलीच्या मातीत एकूण ५,७८२ हिंदी सैनिक कायमचे राहिले.

येथवर हकीकत वीरगाथेची आहे. परंतु यशवंतरावांचे चरित्र एवढ्यावर संपवणे म्हणजे त्यातला अवघड भाग गाळणे होय. ते ज्या काळात सैन्यात होते, त्याच काळात त्यांच्या घराच्या आसपास काय चालले होते ते पाहिले पाहिजे. १० सप्टेंबर १९४२ रोजी शेजारच्या महाडमध्ये नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली सरकारी कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथेच धारातीर्थी पडले. म्हणजे दीड वर्षाच्या अंतराने एकाच कोकणपट्टीची दोन मुले मारली गेली. एक सह्याद्रीच्या गडावर ब्रिटिश सरकारच्या गोळीने, दुसरा अपेनाइन पर्वताच्या टेकडीवर ब्रिटिश सरकारसाठी लढताना. त्याच सुमारास पूर्वेकडे आझाद हिंद सेनेतही हिंदी शिपाईच होते, आणि त्यांच्यासमोर उभे राहिलेलेही हिंदी शिपाईच होते.

स्वातंत्र्यानंतर साहजिकच सिद्धगडाचे स्मरण आधी झाले. ते योग्यच होते. ज्याने देशासाठी मरण पत्करले त्याचा मान पहिला. परंतु त्यामुळे यशवंत घाडगे यांना भाडोत्री म्हणून बाजूला सारणे न्यायाचे ठरत नाही. युद्ध पुकारण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि तो कोणाच्या हातात होता हे आपण पाहिलेच. समोरचा शत्रू होता तो नाझी जर्मनीचा. तो जिंकला असता तर हिंदुस्थानच्या पदरात स्वातंत्र्य पडले असते, असे मानायला कोणताही आधार नाही. शिवाय हातबॉम्ब फेकण्याच्या क्षणी यशवंतरावांच्या मनात लंडनचा राजा असेल, असेही वाटत नाही. त्यांच्यासमोर पडले होते ते त्यांच्या तुकडीतले सोबती. त्याच मशीनगनच्या टप्प्यात कंपनीतले बाकीचे शिपाईही येणार होते. सैनिकाची निष्ठा पुष्कळदा अशा दहा माणसांपुरतीच असते, आणि ती सम्राटाच्या जाहीरनाम्यापेक्षा अधिक पक्की असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या शौर्याचा लाभ साम्राज्याने घेतला. पदकांची छायाचित्रे भरतीच्या प्रचारासाठी वापरली गेली. शूर जमातींचे कौतुक करता करता त्या जमातींच्या गावांत रस्ते, शाळा, दवाखाने का नाहीत, हा प्रश्न सोयीस्करपणे टाळला गेला. भरतीच्या धोरणातला भेदभाव तर उघड होता. पिढ्यान्पिढ्या सैन्यात असलेल्या महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा त्यांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुन्हा गरज पडल्यावर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. साम्राज्याला शौर्य हवे होते, मात्र ते त्याच्या सोयीने आणि त्याच्या अटींवर.

असे असले तरी या सैन्याचा इतिहास साम्राज्याबरोबर संपला नाही. यशवंतरावांच्या तिसऱ्या बटालियनचेच पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ती हवाई छत्रीधारी पलटण झाली. १९४८ मध्ये काश्मीरच्या नौशेरा-झांगड भागात ती स्वतंत्र भारतासाठी लढली. १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि तिचे मराठापण कायम राहिले. ११ डिसेंबर १९७१ रोजी हीच पलटण पूर्व बंगालमधील टांगाईल येथे विमानांतून उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत होती. कुतमध्ये उपाशी राहून शरण गेलेली, केरेनचा डोंगर चढलेली आणि टायबरच्या खोऱ्यात आपला नाईक गमावलेली पलटण अखेर एका नव्या देशाच्या मुक्तीच्या कामी आली. या वेळी तिला पाठवणारे सरकार तिच्याच देशाने निवडलेले होते.

इटलीने यशवंतरावांची आठवण ठेवली आहे. २२ जुलै २०२३ रोजी मोंटोने येथे, स्थानिक नगरपालिका आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांच्या पुढाकाराने, त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. ते एका सूर्यतबकडीच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, असा आशय त्यावर लॅटिनमध्ये कोरला आहे. ज्या गावाने त्यांना जिवंतपणी कधी नीट पाहिलेही नसेल, त्या गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी आपल्या मुक्तीसाठी मेलेला एक माणूस म्हणून त्यांची नोंद केली. साम्राज्याच्या शिपायाची नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

टेंभी नाक्यावरून गणपतीला, शिमग्याला गावी निघालेल्या माणसांना माणगाव वाटेत लागते. तहसील कार्यालयासमोरच्या त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे थांबावे. बरोबर मुले असतील तर त्यांना यशवंत घाडगे यांची ही सारी हकीकत सांगावी. ती सांगताना महाडचा मोर्चा आणि सिद्धगडही सांगावा. एक सांगून दुसरे गाळले, तर त्या पिढीने काय सोसले ते मुलांना अर्धेच कळेल.